भिंतीतून निघालेल्या जुन्या ऑडिओ-व्हिडिओ केबल्स: कोणती कशाची, कसं ओळखायचं?

बावधनकर

नमस्कार मंडळी. बावधनला २०१० च्या इमारतीत रिसेलचा थ्री बीएचके घेतला आहे. आधीच्या मालकांना होम थिएटरचा शौक असावा, पण ते परदेशी गेले आणि वायरिंगचा नकाशा कोणाकडेच नाही. हॉलमध्ये टीव्हीच्या भिंतीवर १२ मॉड्यूलचा बॉक्स आहे. त्यावरची ब्लँक प्लेट काढली तर आत हा पसारा निघाला:

१) तीन जाड गोल केबल्स. दोन काळ्या, त्यांवर 'आरजी-६' छापलंय. तिसरी पांढरी, किंचित बारीक, छपाई पुसलेली.
२) एचडीएमआयचं डोकं असलेली जाड केबल. दुसरं टोक छताला प्रोजेक्टरच्या हुकाजवळ लोंबतंय.
३) पारदर्शक दोन-तारी वायरच्या पाच जोड्या. एक तार तांब्याच्या रंगाची, एक चंदेरी. एका जोडीतलं तांबं हिरवं पडलंय.
४) लाल, हिरवी, निळी अशा तीन बारीक केबल्स एकमेकींना चिकटलेल्या, टोकाला आरसीए पिना.
५) दोन राखाडी केबल्स, आत आठ-आठ तारा. एकीवर 'कॅट ५ई ४ पेअर २४ एडब्ल्यूजी' आणि पुढे '१८२ मी'.
६) पांढरी, आत लाल, काळी, पिवळी, पांढरी अशा चार बारीक तारा.
७) चपटी काळी केबल, कडेला दोन कडक तारा. कोणीतरी पक्कडीने कापून ठेवलेली.
८) लाल-काळी पीळ दिलेली साधी वायर, टोकाला इन्सुलेशन टेप.

बेडरूम, स्टडी, फॉल्स सीलिंगचं ट्रॅपडोअर आणि दारावरच्या माळ्यावर अशीच काही मोकळी टोकं आहेत. माझ्याकडे कपॅसिटन्सची रेंज असलेला डिजिटल मीटर आहे, टेस्टर आहे. रंगारी यायच्या आत ठरवायचंय: काय ठेवायचं, काय काढायचं, आणि स्टडीत नेटवर्क व नवीन टीव्हीला फोर-के यातून निभेल का?

पक्कड_मीटर

आधी आठ नंबर, बाकी सगळं नंतर.

लाल-काळी वायर स्पीकरची असते हे पुस्तकात. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन फॉल्स सीलिंगमधल्या कोव्ह लाइटलाही तीच लाल-काळी ओढतो, आणि कधी कधी पारदर्शक स्पीकर वायरसुद्धा. म्हणून बॉक्समधली प्रत्येक तार २३० व्होल्टची आहे असं धरूनच सुरुवात करायची. मीटर एसी व्होल्टच्या सर्वांत वरच्या रेंजवर ठेवा, एक प्रोब जवळच्या सॉकेटच्या अर्थिंगला, दुसरा एकेका तारेला. मग तारा आपसांत. हे घरातले सगळे स्विच चालू ठेवून करायचं, कारण स्विच बंद असताना मेलेली दिसणारी तार स्विच दाबल्यावर जिवंत होते.

२२०-२४० आलं तर तिथेच थांबा. १० ते ९० च्या दरम्यान काहीतरी हलतं रीडिंग आलं तर ते बहुधा शेजारून जाणाऱ्या लाइटच्या वायरमुळे आलेलं भुताटकी व्होल्टेज असतं. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध मोठा असल्यामुळे तो तेवढंही दाखवतो. खात्री करायला फिलामेंट बल्बचा टेस्ट लॅम्प लावा. खरा सप्लाय असेल तर बल्ब पेटतो, भुताटकी असेल तर मीटरवरचा आकडा शून्याला येतो. एलईडी बल्ब नको, तो नुसत्या गळतीवरही मिणमिणतो. निऑन टेस्टरवर विसंबू नका, तोही तसलाच.

एमसीबी पाडून निर्धास्त होऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याची लाइन मेन पाडल्यावरही चालूच राहते.

एसी झालं की डीसी. (एक नंबरच्या जाड गोल केबल्स म्हणजे कोअ‍ॅक्स: मध्ये तार, भोवती जाळी.) कोअ‍ॅक्सच्या मधल्या तारेवर १३ किंवा १८ व्होल्ट दिसले तर दुसऱ्या टोकाला डिशचा सेटटॉप बॉक्स चालू आहे. तो एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या रिसीव्हरला, हाच सप्लाय देतो. चार-तारीवर १२ व्होल्ट म्हणजे व्हिडिओ डोअर फोन किंवा कॅमेरा. ४८ च्या आसपास म्हणजे टेलिफोन किंवा सोसायटीचा इंटरकॉम, आणि तो कापायचा नाही, कारण काही इमारतींत एकाच जोडीवर वरचे-खालचे फ्लॅट पुढे जोडलेले असतात.

हे दोन्ही शून्य आल्याशिवाय मीटर ओमवर फिरवू नका.

मग जोड्या लावायच्या. केबल कशाची हे नंतर. आधी या टोकाचं ते टोक कुठलं ते कळू दे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाव वॉटचे रेझिस्टर. पुण्यात तापकीर गल्लीत कुठल्याही काउंटरवर मिळतात. १ के, २.२ के, ३.३ के, ४.७ के, १० के असे वेगवेगळे घ्या. लांबच्या प्रत्येक मोकळ्या टोकाला दोन तारांमध्ये एकेक अडकवा, कोअ‍ॅक्सला मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये, आणि कुठे कोणता लावला ते कागदावर लिहा. आता हॉलमध्ये येऊन एकेक केबल मोजा. मीटर २.२ के दाखवतोय म्हणजे ती बेडरूमची. एकटा माणूस एका फेरीत सगळं उरकतो, दुसऱ्या खोलीतून "लागलं का?" ओरडायला कोणी लागत नाही.

जिचा रेझिस्टर सापडला तिला लगेच दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवा. कागदी टेप आणि बॉलपेन नको, शाई उडते. पांढरी इन्सुलेशन टेप आणि पर्मनंट मार्कर.

टोनर (केबलमध्ये टोन सोडून तो भिंतीबाहेरून प्रोबने ऐकायचं उपकरण) विकत घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. टोनच्या दोन्ही क्लिपा एकाच पिळाच्या जोडीला लावल्या तर दोन तारांची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि भिंतीवरून प्रोबला काही ऐकू येत नाही. एक क्लिप एका तारेला, दुसरी अर्थिंगला. कोअ‍ॅक्सला क्लिप बाहेरच्या जाळीला लावायची. मधल्या तारेत सोडलेला टोन जाळी बाहेर येऊच देत नाही. "टोनर खराब निघाला" म्हणणारे निम्मे लोक इथेच अडकतात.

केबलवाला_नाही

वरचं सगळं आधी करा. मी १, ५, ६, ७ बद्दल लिहितो.

कोअ‍ॅक्स. आरजी-६ चा बाहेरचा व्यास साधारण ७ मिमी आणि मधली तार १ मिमीच्या आसपास. आरजी-५९ साधारण ६ मिमी, मधली तार ०.६ ते ०.८. दोन्ही ७५ ओमच. तुमची पांढरी बहुतेक आरजी-५९. म्हणजे केबल टीव्हीची जुनी लाइन, नाहीतर कॅमेऱ्याची, किंवा सबवूफरची, कारण सबवूफरला पुष्कळ जण कोअ‍ॅक्सच ओढतात आणि ते बरोबरच आहे. शेवटचं कनेक्टर पाहा: आट्यांचं एफ कनेक्टर म्हणजे टीव्ही, पाव वळसा देऊन अडकणारं बीएनसी म्हणजे कॅमेरा, आरसीए म्हणजे ऑडिओ. आरजी-६ चं एफ कनेक्टर आरजी-५९ वर बसल्यासारखं दिसतं पण हाताने ओढलं की सुटतं, तेव्हा कनेक्टर त्या केबलचंच घ्या.

लांबी काढायला तुमची कपॅसिटन्सची रेंज कामी येईल. दोन्ही टोकं मोकळी, मधली तार आणि जाळी यांच्यात मोजा. फोमच्या आरजी-६ ला मीटरमागे सुमारे ५३ पिकोफॅरड पडतात. ०.५३ नॅनोफॅरड आले तर १० मीटर. आधी मीटरच्या प्रोबचंच रीडिंग घेऊन वजा करा. आतला पांढरा थर नखाने दाबून बघा: खळगा पडला तर फोम, नाही पडला तर घट्ट पॉलिथिन, आणि त्याला मीटरमागे ६७ धरायचे. भिंतीत मध्येच तुटलेली केबल दोन्ही टोकांकडून मोजली की तुटल्याची जागाही कळते.

मधली तार आणि जाळी यांच्यात ना ओपन ना धड शॉर्ट, असा एखादा ओम दिसला तर वाटेत कुठेतरी स्प्लिटर (एका लाइनच्या दोन-तीन करणारी डबी) आहे. त्याच्या आतला ट्रान्सफॉर्मर डीसीला शॉर्टसारखाच दिसतो. स्प्लिटर बहुधा ट्रॅपडोअरमध्ये किंवा माळ्यावर सापडतो. ७५ ओम दिसले तर टोकाला टर्मिनेटर लावलेला आहे.

राखाडी केबल्स. छापलेला मीटरचा आकडा फुकटची माहिती आहे. नव्या केबलच्या खोक्यातून ३०५ मीटर निघतात आणि तिच्यावर दर मीटरला आकडा असतो. या टोकाला १८२ आणि स्टडीत १६४ दिसला तर ती एकच केबल आणि लांबी १८ मीटर. काही केबल्सवर आकडे फुटांत असतात, तेव्हा फरकाला ०.३ ने गुणा.

कॅट ५ई ला नाकं मुरडू नका. गिगाबिट १०० मीटरपर्यंत तिच्यावर आरामात चालतं, आणि २०१६ च्या प्रमाणानुसार २.५ गिगाबिटही. फक्त तांबं खरं हवं. एक तार चाकूने हलकेच खरवडा. आत चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम. ती तार दोन-तीनदा वाकवली की मोडते, आणि पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारा) कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट तिच्यावर लावला तर लांबीला व्होल्टेज पडतं, जॅकपाशी तापते. मीटरनेही कळतं: लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा जोडा, इकडून ओम मोजा. २४ एडब्ल्यूजी तांब्याला जाऊन-येऊन मीटरमागे ०.१७ ते ०.१९ ओम पडतात. दीडपट किंवा जास्त आलं तर अ‍ॅल्युमिनियम.

चार-तारी पांढरी ही व्हिडिओ डोअर फोनचीच दिसते. व्हिडिओ, ऑडिओ, १२ व्होल्ट, ग्राउंड. दाराच्या बेलची वायर वेगळी असते आणि आपल्याकडे बेल थेट २३० वर चालते, तिथे गोंधळ नको. चार तारांपैकी एक बारीक कोअ‍ॅक्स दिसली तर मात्र ती कॅमेऱ्याची थ्री प्लस वन.

सात नंबर फायबर आहे. कडेच्या दोन तारा ताण घेण्यासाठी असतात आणि मध्ये केसासारखा काचेचा धागा. टोकात डोळा लावून बघू नका. लाइन चालू असली तरी तिचा प्रकाश दिसत नाही. सोललेला काचेचा तुकडा बोटात घुसला तर काढणं महाकठीण, तेव्हा कात्रीने खेळू नका. दुसरं टोक शाबूत असेल तर इंटरनेटवाल्याचा माणूस स्प्लाइस मशीनने हिरवं एससी-एपीसी कनेक्टर जोडून देतो. तोवर बॉक्समध्ये ३ सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येची वेटोळी करू नका.

दणका_५.१

स्पीकरच्या जोड्या ही माझी हद्द.

पाच जोड्या म्हणजे ५.१ चे पाच स्पीकर, सहावा सबवूफर. तुमची बिननावाची पांढरी कोअ‍ॅक्स त्याचीच असेल असा माझा अंदाज. टीव्हीच्या भिंतीजवळ खाली एखादी ब्लँक प्लेट आहे का बघा.

प्रत्येक जोडी ओमवर मोजा. ५.५ ते ७ आलं तर दुसऱ्या टोकाला ८ ओमचा स्पीकर अजून जोडलेला आहे. ३ ते ३.५ म्हणजे ४ ओमचा. ओपन म्हणजे टोक मोकळं किंवा तार तुटलेली. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट: कोणीतरी टोकं पिळून ठेवलीत, नाहीतर पीओपीवाल्याचा स्क्रू आरपार गेलाय.

स्पीकर कुठे आहे ते कळायला दीड व्होल्टचा सेल जोडीला क्षणभर टेकवा. छतात 'टक्' वाजेल. जाळी काढता आली तर कोनकडे बघा: सेलचा प्लस असलेल्या तारेवर कोन बाहेर आला तर ती तार स्पीकरच्या प्लसला आहे. चंदेरी तार प्लस की तांब्याची, यावर इलेक्ट्रिशियन लोकांत एकमत नाही, तेव्हा रंगावर जाऊ नका. पाचांपैकी एक उलटा जोडला गेला तर बास पातळ होतो, आवाज मध्यभागी न बसता बाजूंना पसरतो, आणि लोक अँप्लिफायरला शिव्या देत बसतात.

वायर पुरेशी जाड आहे का हेही बघा. एका तारेतले धागे मोजा. बाजारात २३/७६, ४०/७६, ७०/७६ असं म्हणतात, त्यातला पहिला आकडा धाग्यांचा. ४०/७६ म्हणजे जवळपास १.२ चौरस मिमी. १२ मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.३५ ओम पडतात. वायरचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे. ८ ओमला ही वायर चालते, ४ ओमला नाही. २३/७६ निघाली तर मागच्या सराउंडला ठेवा, पुढच्या तिघांना नको.

हिरवी पडलेली जोडी: पारदर्शक पीव्हीसीत दमट हवा शिरून तांबं गंजतं. सहसा टोकाचाच भाग जातो. स्वच्छ चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा, मग पिना लावा. बॉक्समध्ये १५ सेंमी तरी शिल्लक राहील इतपतच कापा.

चार नंबरच्या लाल-हिरव्या-निळ्या केबल्स कंपोनंट व्हिडिओच्या. नवीन टीव्हीवर तशी पिनच सापडणार नाही. पण तिन्ही ७५ ओमच्या बारीक कोअ‍ॅक्स आहेत, त्यातली एक डिजिटल ऑडिओला किंवा सबवूफरला बिनदिक्कत वापरा.

बावधनकर

खूप आभार. रीडिंगं घेतली.

आठ नंबरवर २२६ व्होल्ट, टेस्ट लॅम्प लख्ख पेटला, आणि मेन पाडल्यावरही तसाच. घरात इन्व्हर्टर आहे. सहा नंबरवर १२.१ डीसी.

काळी कोअ‍ॅक्स, पहिली: ०.५८ नॅनोफॅरड, दुसरं टोक मास्टर बेडरूम. दुसरी काळी: ०.९ ओम. पांढरी: ०.८० नॅनोफॅरड, नखाने खळगा पडत नाही. तिचं दुसरं टोक अजून सापडलेलं नाही.

राखाडी: दोन्ही स्टडीत जातात, १८ मीटर. लांबचं टोक जोडून पहिलीची जोडी ३.५ ओम, दुसरीची ५.३. प्रोबचे ०.२ त्यात धरलेत.

स्पीकर: ६.३, ६.५, ओपन, ०.७, आणि हिरवी जोडी ६.८ वरून ९ पर्यंत हलते. धागे ४० आहेत.

०.७ वाली कुठे शॉर्ट आहे ते काढता येईल का? आणि एचडीएमआय काढून नवीन ओढू का?

पक्कड_मीटर

आठ नंबर इन्व्हर्टरच्या लाइनवरचीच कोव्ह लाइट आहे. इन्व्हर्टरचं आउटपुट बंद करून, शून्य मोजून, मगच तिला हात. टेप काढून कनेक्टर लावा आणि ती वायर वेगळ्या बॉक्समध्ये वळवा. सिग्नलच्या केबल्स आणि २३० एका बॉक्समध्ये ठेवायचे नसतात. उद्या कोणीतरी स्पीकरची समजून तिलाच अँप्लिफायर जोडेल. हे काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

०.७ मधून प्रोबचे ०.२ गेले, उरले ०.५. ४०/७६ ला जाऊन-येऊन मीटरमागे ०.०३ ओम, म्हणजे शॉर्ट १६-१७ मीटरवर. पण तुमचा मीटर ०.१ चा टप्पा दाखवतो, म्हणजे साडेतीन मीटर इकडे-तिकडे. एवढ्यावरून छत फोडायचं नाही. बाकीच्या जोड्या साधारण किती लांब आहेत ते बघा. त्याही १५ च्या पुढे असतील तर शॉर्ट बहुधा अगदी टोकाशीच आहे, स्पीकर काढून तारा पिळून ठेवलेल्या. ट्रॅपडोअरमधून मोबाइलचा कॅमेरा आत घालून मागच्या कोपऱ्यात बघा.

हिरवीचं रीडिंग हलतंय म्हणजे संपर्क गंजलाय. कापा आणि परत मोजा.

केबलवाला_नाही

दुसरी राखाडी अ‍ॅल्युमिनियमची, आकडा स्पष्ट बोलतोय: प्रोब वजा करून १८ मीटरला ५.१, तांब्याला ३.१ ते ३.४ यायला हवे होते. पहिली नेटवर्कला ठेवा. दुसरी पीओईला अजिबात नको. आणि ती नव्या केबलसाठी ओढदोरा म्हणून वापरायची असेल तर तिचं तांबं... तांबं नाहीच ते, तारा ताणावर तुटतात, आठही तारा एकत्र धरून बांधा.

जॅक लावताना दोन्ही टोकांना बी पद्धत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकपाशी पीळ १२-१३ मिमीपेक्षा जास्त उकलायचा नाही. लावल्यावर लिंक १०० मेगाबिटवरच अडकली तर चार जोड्यांपैकी एखादी सुटलीय. १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर तार तुटल्याचं सांगतो, पण जोड्या चुकीच्या जुळल्या असल्या तरीही आठ दिवे क्रमाने लागतात.

पहिली काळी ११ मीटर, धडधाकट. दुसरीत स्प्लिटर आहे, शोधा आणि काढा. जुने स्प्लिटर ५ ते ८६० मेगाहर्ट्झचे असतात, डिशचा सिग्नल ९५० ते २१५० वर येतो, तो त्यातून जात नाही. पांढरी घट्ट पॉलिथिनची आरजी-५९, ६७ ने भागा: १२ मीटर. तिच्या जाळीला टोनरची क्लिप लावून सोफ्याच्या मागच्या भिंतीवर खालच्या बाजूने प्रोब फिरवा.

ठाणे_इंटिग्रेटर

एचडीएमआयवर थोडं थांबा. ओढून काढायची घाई नको.

तुमची इमारत २०१० ची, म्हणजे केबल १.३ किंवा १.४ च्या काळातली. आवरणावर 'हाय स्पीड' छापलं असेल तर ती १०.२ गिगाबिट प्रतिसेकंदाची. फोर-के ६० फ्रेम पूर्ण रंगात तिच्यात मावत नाही, त्याला १८ लागतात. पण सिनेमे २४ फ्रेमचे असतात, आणि फोर-के २४ फ्रेम एचडीआरसह (जास्त उजळ-गडद छटांचं चित्र) १०.२ मध्ये बसतं. स्ट्रीमिंग बॉक्समध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा. आधी १०८०पी ६०, मग फोर-के ३०, मग फोर-के २४ एचडीआर असं चढत जा आणि प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास चालू ठेवा. पांढरे ठिपके चमकले किंवा दोन-तीन सेकंद पडदा काळा झाला तर केबल त्या वेगाला कमी पडतेय. काहीच चित्र नसेल तर टोकं उलटी लावून बघा: आत चिप असलेल्या केबल्स एकाच दिशेने चालतात, डोक्यावर 'सोर्स' आणि 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं.

गेमिंग नसेल तर प्रोजेक्टरला ही चालून जाईल. टीव्हीला ती लागतच नाही, स्ट्रीमिंग बॉक्स टीव्हीखालीच आहे. एक-दोन मीटरची नवी केबल घ्या.

दणका_५.१

इथे माझं वेगळं मत. रंग व्हायचाय, भिंत उघडी आहे, तर आत्ताच नवी ओढा. १५ वर्षांची केबल आज चालली म्हणून प्रोजेक्टर बदलल्यावर चालेल असं नाही, आणि तेव्हा रंग खराब करायला कोण तयार होणार?

ठाणे_इंटिग्रेटर

ओढता येत असेल तर जरूर. पण आधी ती पाइपात आहे की थेट प्लॅस्टरमध्ये गाडलीय ते बघा. एकाने छताकडून केबल धरायची, दुसऱ्याने खालून हलकेच २-३ सेंमी ओढायची. वर हालचाल जाणवली तर पाइप मोकळा. नाही जाणवली तर प्लॅस्टर, किंवा बेंडमध्ये सिमेंट भरलंय. मग जोर लावू नका, जुनीही जाईल आणि नवीही जाणार नाही.

पाइप २५ मिमीचा असेल तर आतून २१-२२ मिमी मोकळा मिळतो. एचडीएमआयचं डोकं २० मिमीच्या आसपास रुंद. सरळ पाइपात कसंबसं जाईल, एल्बोत अडकणार. म्हणून जुनीचं डोकं कापावं लागतं, आणि एकदा कापलं की परतीचा रस्ता नाही. वरच्या चाचण्या आधी करा म्हणतो ते यासाठी. नवी घेताना ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, जिचं एक डोकं सुटं असतं आणि आत जाणारं टोक मायक्रो आकाराचं. दिशा तपासून, ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून अर्धा तास चालवा. भिंतीत घातल्यावर कळलेला दोष महागात जातो.

बांधायची पद्धत: जुनीचं आवरण १५ सेंमी सोलून तारांचा फास करा, त्यात २ मिमीची नायलॉन दोरी ओवून परत दुमडा, वरून टेप अशी गुंडाळा की सांधा निमुळता होत जाईल. आधी फक्त दोरी आणा. मग दोरीला नवी केबल आणि सोबत आणखी एक दोरी, ती पाइपात तशीच राहू द्या. शंखजिऱ्याची पावडर लावा. खोबरेल किंवा मशीनचं तेल नको, पीव्हीसी मऊ पडतं. ऑप्टिकल केबल डोक्याला धरून ओढायची नाही, ताण आवरणावर आला पाहिजे.

त्याच खेपेला शेजारून एक कॅट ६ तांब्याची सोडा. पुढे एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून एचडीएमआयचा सिग्नल नेणारी जोडणी) लावायचं झालं तर तीच लागेल, आणि तिला डोक्याची अडचण नसते.

बावधनकर

केबल ३ सेंमी हलली, वर जाणवली. 'हाय स्पीड' छापलेलं आहे, फोर-के २४ एचडीआर अर्धा तास न चमकता चालला, ६० ला पडदा काळा. पांढरी कोअ‍ॅक्स सोफ्यामागे स्कर्टिंगच्या वर रंगवून टाकलेल्या प्लेटखाली निघाली, आरसीए पिनेसकट. शॉर्टवाली जोडी मागच्या डाव्या कोपऱ्यात, छतात पिळून टेप मारलेली.

तिसरी ओपन जोडी तेवढी राहिली.

दणका_५.१

सेंटर स्पीकरची असेल, टीव्ही युनिट हलवताना मोकळी झालेली. ती लांब जात नाही, त्याच भिंतीत खाली बघा. आठवड्याच्या बाजारात मिळणाऱ्या चुंबकाने प्लेटचे रंगाखालचे स्क्रू सापडतात. नाहीच सापडली तर दोन्ही तारांना मिळून टोनरची एक क्लिप, दुसरी अर्थिंगला.